मदत हवी आहे: टॉवेल एक्स्पोर्टमधलं कुणी आहे का इथे?
नमस्कार मंडळी. सोलापुरात बी.कॉम.च्या मुलांना शिकवतो. यंदा उदाहरणाला ॲपल घेतलंय. पेटंटचा भाग सोपा गेला. आयफोनची नक्कल केली म्हणून २०१२ मध्ये अमेरिकी ज्यूरीनं सॅमसंगला १ अब्ज डॉलरहून जास्त भरपाई लावली, तडजोड थेट २०१८ मध्ये. (आपल्या चादरीच्या नकलांसाठी एवढं कोण लढणार, हे पोरांनीच विचारलं.)

अडलंय ते कारखान्यांवर. २०१० मध्ये चीनच्या शेन्झेनला, ॲपलसाठी माल बनवणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीत कामगारांच्या आत्महत्या. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरला, आयफोन जोडणाऱ्या विस्ट्रॉनमध्ये पगारावरून तोडफोड. वर्षभरानं तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कामगार मुलींना वसतिगृहात विषबाधा. डिझाईन ॲपलचं, कारखाना दुसऱ्याचा. मग जबाबदारी कुणाची? बऱ्याच मुलांच्या घरी यंत्रमाग नाहीतर विडीचं काम, त्यामुळे 'पार्टीनं माल घेतला, बाकी मालकानं बघावं' असं ती बिनधास्त सांगतात. मला ते पटत नाही, पण खोडायला जवळचं उदाहरण नाही.

परदेशी गिऱ्हाईक ऑडिटला येतं तेव्हा हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ खरंच तपासतात, की आधी फोन करून येतात? सुधारणेचा खर्च कुणाच्या माथी? वर्गात येऊन तासभर बोललात तर फारच बरं. कारखान्याचं नाव घ्यायची गरज नाही.