पूरग्रस्तांना मानसिक आधार : स्वयंसेवकांना काय शिकवावे?

प्रश्न : २०१९च्या महापुरात सांगलीजवळच्या आमच्या गावातील मंडळाची मुले निवारा केंद्रात जेवण वाढत होती, परंतु म्हैस वाहून गेलेल्या एका आजींशी काय बोलावे, हे कुणालाच उमगले नाही. मानसशास्त्र न शिकलेल्यांना दोन दिवसांत काय शिकवता येईल?

उत्तर १ : जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका नेमकी अशांसाठीच आहे. तिची सूत्रे तीन : पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. 'काय घडले ते सगळे सांगा' असा आग्रह मात्र धरू नये. माणूस आपणहून बोलला तर ऐकावे, गप्प राहिला तर सोबत बसावे. व्याख्यानापेक्षा जोड्या करून प्रसंग वठवून घ्यावेत.

उत्तर २ : सहमत. आमच्या सरावात 'रडू नका, देवाची मर्जी' हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून निघाले! पंचनामा कधी होणार हे ठाऊक नसेल, तर खोटे आश्वासन न देता 'चौकशी करून येतो' म्हणावे, आणि खरोखर परत यावे.

उत्तर ३ : कुणी जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागल्यास त्यांना एकटे न सोडता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावून द्यावा, ती सेवा विनामूल्य असून चोवीस तास सुरू असते.