अनुभव धागा: परसातली पोपटी आणि मडकं उघडेपर्यंतचे विनोद

वाडीवरचा
पेणच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागले आणि परसात मडकं लावून जमवलेल्या हसण्याच्या रात्री आठवल्या. त्यावरून हा पोपटीचा, म्हणजे वालाच्या शेंगा पाल्यासकट मडक्यात भाजण्याचा, धागा. घरामागे, वाडीत, शेतावर, कुठेही मित्रमंडळी जमवून पोपटी लावत असाल तर लिहा. पाककृती हवीच, पण विनोदांची बैठक कशी लावता तेही येऊ दे. पोपटी थोडी बिघडली तर लिंबू पिळून खपते. बैठक बिघडली की लोक नऊ वाजताच गाड्या काढतात.

सुरुवात मीच करतो. १२ माणसांना साधारण १५ लिटरचं मडकं. शेंगा ३ किलो, छोटे बटाटे १२, छोटे कांदे ८, अंडी १२, कोंबडी सव्वा किलो. जाडं मीठ दोन मुठी, ओवा ३ चमचे. पाणी अजिबात नाही. बुडाला भांबुर्ड्याचा (ओव्यासारख्या वासाचं रानरोप) पाला चार बोटं जाड, मग बटाटे आणि शेंगा, वर मीठ-ओवा, मध्ये केळीच्या पानात बांधलेल्या कोंबडीच्या पुड्या आणि अंडी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला असा ठासायचा की मडकं उलटं केलं तरी आतलं हलता कामा नये. मग सपाट जागेवर उलटं ठेवून भोवती आणि वर पेंढा, सुक्या झावळ्या, काटक्या, १०-१२ गोवऱ्या. पेटवल्यापासून ३५ ते ४५ मिनिटं.

आणि माझं ठाम मत: विनोद याच ४० मिनिटांत. आधी निम्मे लोक शेंगा निवडत असतात, निम्मे पाला आणायला गेलेले. नंतर दोन्ही हात सोलण्यात आणि तोंड भरलेलं. भरल्या तोंडाने कुणाला हसवणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर वाल.

रोह्याची_ताई
थरांबद्दल एक. मडकं उलटं होणार हे धरून भरा. तोंडाजवळ जे भराल ते जमिनीशी येतं आणि तिथे ऊब सगळ्यात कमी. कोंबडी तोंडाजवळ ठेवली की हाडाशी लाल राहणार म्हणजे राहणार. बटाटे बुडाकडे, कारण जाळ वरून तिथे लागतो.
कोंबडीचे तुकडे दोन इंची, तंगडीला हाडापर्यंत चिरा. आलं, लसूण, हिरवी मिरची, हळद, मीठ, लिंबू, दोन तास मुरवायचं. दही नको, पाणी सुटतं. केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करून घ्या, नाहीतर घडी घालताना फाटतं. बांधायला केळीचाच सोप, म्हणजे खोडाची साल.
बाकी नंतर लिहिते, कुकर उतरवायचाय.

मीठमिरची
अंडी फुटतात त्याचं काय ते सांगा आधी 😅 दरवर्षी निम्मी शेंगांना चिकटलेली निघतात

वाडीवरचा
@मीठमिरची मडक्याच्या अंगाला टेकलेली अंडी फुटतात. सगळ्या बाजूंनी दोन-तीन बोटं शेंगा हव्यात. आणि फ्रिजमधली गार अंडी थेट भरू नका, तासभर बाहेर ठेवा. तरी एखादं जाणारच.

पीजेसम्राट
अंड्याला परीक्षेला का बसू देत नाहीत?
पेपरच्या आधी तेच फुटतं.

मीठमिरची
झालं सुरू

पीजेसम्राट
वालाची शेंग शाळेला का घाबरते? तिथे सोलून काढतात.
ओव्याच्या बायकोचं नाव? ओवी.
पोपटीत कोंबडी घालायची राहिली तर काय होतं? आपला पोपट.

हसू नका, पण पीजेचं काम असतं. पहिली दहा मिनिटं पीजेच हवेत. नवीन आलेली माणसं, कुणाची तरी वहिनी, कुणाच्या ऑफिसातला मित्र, सगळे जरा आखडलेले असतात. चांगला विनोद पहिला टाकलात तर तो वाया जातो, कारण अजून कुणाला मोठ्याने हसायचं नसतं. पीजेला "शीऽऽ" करायला कुणाची ओळख लागत नाही. सगळ्यांनी एकदा एकत्र "शी" केलं की बैठक बसली. मग दोन-दोन मिनिटांचे किस्से, आणि सगळ्यात लांब किस्सा शेवटी, मडकं काढायच्या पाच मिनिटं आधी. वास सुटल्यावर लांबण लावली तर तुमच्याकडे कुणी बघत नाही, सगळे मडक्याकडे.

अंगणवेल
माणसं किती हवीत? आमच्या सोसायटीत २५-३० जमतात आणि मग चार कोपऱ्यांत चार गप्पा.

पीजेसम्राट
१० ते १४. त्यावर गेलात तर दोन मडकी आणि दोन घोळके करा. जाळाची तडतड असते, सुक्या झावळ्या तर फटाके फोडतात. त्यामुळे सांगणारा आणि सगळ्यात लांबचा ऐकणारा यांत दहा-बारा फुटांपेक्षा जास्त अंतर नको. पूर्ण गोल बसू नका, अर्धा गोल, वारा पाठीमागून. वाऱ्याच्या तोंडावर बसलेला माणूस डोळे पुसत असतो, त्याला विनोद कसला सांगता.
आणि मोबाईलवरून वाचून दाखवायचे नाहीत. उजेड तोंडावर येतो, नजर खाली जाते, आणि तो सगळ्यांच्या ग्रुपवर सकाळीच येऊन गेलेला असतो. दंड: शेजारच्याला वीस शेंगा सोलून देणे.

सोलापुरी_चटणी
आमच्याकडं हुरडा. पण तिथं तुमचा ४० मिनिटांचा हिशोब चालत नाही बघा. हातभर लांब-रुंद, वीतभर खोल आगटी, त्यात गोवऱ्या, निखारा पडला की ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची. दोन-तीन मिनिटांत निघतात, गरम आहेत तोवर चोळायची, पाखडायची, की पुढचा घाणा. म्हणजे खाणं सतत चालू. थांबायला सवडच नाही, म्हणून तिथं लांब किस्से टिकत नाहीत, एका ओळीचेच चालतात. चोळणाऱ्याला मात्र विनोद सांगायला लावू नका, बोलण्याच्या नादात हात भाजतो. दाणा भरलेला पण मऊ हवा, ज्वारी गूळभेंडी किंवा सुरती. चिकातला फार कोवळा घेतला तर चोळताना पीठ होतं, जून झाला तर चावत बसा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही.

वऱ्हाडी_ठसका
अन् रोडगे कोणी नाही म्हणत का बे? कणकीचे एकात एक गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरले की तासभर तरी निवांत. विनोद सांगा, चार बैठकी करा. सोबत वांग्याची भाजी. मडकं फुटायचं टेन्शन नाही.

सोलापुरी_चटणी
@वऱ्हाडी_ठसका रोडग्याला तूप किती लागतं ते पण सांगा की

वऱ्हाडी_ठसका
ते विचारायचं नसते भाऊ, ओतायचं असते.

जर्सीकर
इकडे न्यू जर्सीत परसात उघडा जाळ करण्याआधी आपल्या गावाचा नियम बघावा लागतो. बऱ्याच ठिकाणी नुसता पेंढा पेटवला तरी शेजारी अग्निशमन दलाला फोन करतात. भट्टीतली (ओव्हनमधली) पद्धत लिहितो, चवीला ७० टक्के जवळ जाते.
जाड लोखंडी डच अव्हन (झाकणाचं पातेलं), बुडाला कोबीची मोठी पानं आणि कुंडीतल्या पानओव्याची १५-२० पानं. भांबुर्डा इथे मिळत नाही, वासाची उणीव पानओवा थोडी भरतो. शेंगांना गोठवलेली सुरती पापडी. ती वालापेक्षा गोडसर असते, म्हणून ओवा वाढवा. आधी पूर्ण वितळवून फडक्यावर कोरडी करा, नाहीतर पोपटीची उसळ होते. ४०० डिग्री फॅरनहाइट, घट्ट झाकण, ५० ते ६० मिनिटं. कोंबडीत काटा-थर्मामीटर खुपसून आतलं तापमान १६५ फॅरनहाइट झालंय ना ते पाहा. अंडी भट्टीत फुटतात, वेगळी उकडून शेवटी टाका.
पण एक अडचण राहतेच: भट्टी स्वयंपाकघरात आणि माणसं परसात. मध्ये बघायला जाळ नसला की सगळे फोन काढतात. गॅसची अंगणशेगडी असेल तर नुसती पेटवून ठेवा, त्यावर काही शिजवायचं नसलं तरी.

रोह्याची_ताई
आले परत. मडकं झालं का ते बघायला वरून पाण्याचा हबका मारतात. चर्र झालं, पाणी क्षणात उडालं की झालं म्हणतात. पण त्यातून फक्त मडकं तापलंय एवढंच कळतं. जाळ एकदम भडकला तर पंधरा मिनिटांतही चर्र होतं आणि आत शेंग कच्ची. कच्चा वाल पोटाला बाधतो. म्हणून चर्र आणि वास, दोन्ही हवं. पाल्याचा उग्र वास जाऊन वालाचा भाजका वास यायला लागला की मगच राख बाजूला करा, आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. उघडल्यावर एक शेंग दाबून बघा. दाणा बोटाने चिरडला पाहिजे.

उरणकर७
मडकं कुठलं घ्यावं? बाजारात सगळी रंगवलेलीच दिसतात.

वाडीवरचा
@उरणकर७ रंगवलेलं, नळवालं नको. साधं भाजलेलं, जाड अंगाचं. विकत घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक चीर आहे, जाळात दुभंगणार. नवीन ओलसर मडकं थेट जाळात घालू नका, दोन दिवस उन्हात. आणि जाळ एकाच बाजूने पेटवू नका, चारी बाजूंनी. एक बाजू तापून दुसरी गार राहिली की तडा जातो.

अंगणवेल
पाण्याची बादली आणि ओलं पोतं जवळ ठेवा हेही लिहा कुणीतरी. वर नारळाच्या सुक्या झावळ्या लोंबत असतील तिथे मडकं लावू नका. पेंढ्याची उडवी तर लांबच. आणि मडकं उघडताना मुलं मागे. ओढायला लांब बांबू लागतो, वाफ फसकन बाहेर येते.

माजघर
विनोद का पडतात, यावर कुणी लिहिणार का? पीजेसम्राटांनी क्रम सांगितला, पण सांगण्याची पद्धत राहिली. माझ्या मते आपल्याकडे निम्मे विनोद "असं तो म्हणाला"मुळे पडतात. जो शब्द ऐकून हसायचं तो सगळ्यात शेवटी यायला हवा, त्याच्यामागे एकही शब्द नको. उदाहरण, जुनाच विनोद:

अलिबागचा एक जाडजूड गृहस्थ. डॉक्टर म्हणाले, रोज पाच किलोमीटर चाला आणि पाचव्या दिवशी फोन करा. पाचव्या दिवशी फोन.
"काय, कसं वाटतंय?"
"पाय दुखतायत, पण वडखळ नाक्यावर पोचलोय. आता पेणकडे वळू का नागोठण्याकडे?"

इथे थांबायचं. "असं त्याने विचारलं, म्हणजे तो परतच आला नव्हता" हे जोडलंत की संपलं. दुसरं, "अलिबागचा" हे पहिल्याच वाक्यात हवं. विसरलात आणि मध्येच "अरे हो, तो अलिबागचा होता" म्हणालात तर वडखळ येण्याआधीच विनोद गेला. गाव ऐकणाऱ्यांच्या रस्त्यावरचं घ्या. पुणेकर असतील तर स्वारगेटहून निघू द्या आणि शेवट असा: "खेड शिवापूरच्या नाक्यावर उभा आहे. चालणाऱ्याला टोल पडतो का?"

आणि सांगताना स्वतः आधी हसू नका. शेवटच्या वाक्याआधी एक श्वास थांबा, एकच. दोन श्वास थांबलात की कुणीतरी आगाऊ शेवट सांगून टाकतो.

मीठमिरची
तो आगाऊ प्रत्येक ग्रुपमध्ये असतो 🙄

माजघर
त्याला पहिला नंबर द्या. सांगून झालं की त्याची हौस फिटते. नाहीच ऐकलं तर जाळावर काटक्या टाकायचं काम.

दुपारचा_चहा
नवरा-बायकोचे विनोद बंद करा असं कुणी लिहील का? तेच तेच. दोन झाले की बायका उठून शेंगा निवडायला जातात आणि अर्धी बैठक मोकळी. हजर नसलेल्या माणसावरचेही नकोत, दुसऱ्या दिवशी त्याच्या कानावर जातातच.

पीजेसम्राट
+१. चालतात ते: शाळा, डॉक्टर, एसटी, मुंबईकर पाहुणा, आणि ज्याच्या घरी बसलोय त्याच्या मडक्यावरचे.

उरणकर७
पूर्ण शाकाहारी पोपटी कुणी लावता का? आमच्यात चौघं शाकाहारी आहेत.

रोह्याची_ताई
दुसरं मडकं लावा, पाच-सहा लिटरचं. एकाच मडक्यात पुडी वेगळी बांधली तरी रस्सा गळतोच. त्यात रताळी, कोनफळ, छोटी वांगी, मक्याची कणसं. वांग्याला चीर देऊन आत ओलं खोबरं, लसूण, मिरची, कोथिंबीर. लहान मडकं लवकर होतं, २५-३० मिनिटं, म्हणून मोठ्यानंतर दहा मिनिटांनी पेटवा, दोन्ही एकदम निघतील.

मीठमिरची
उरलेल्या शेंगांचं काय करता? बिरडं होईल का

रोह्याची_ताई
बिरड्याला सुके वाल भिजवून मोड काढलेले लागतात, हे शिजलेले. दाणे काढून दुसऱ्या दिवशी भातात घाला, वर खोबरं. मीठ आधीच असतं, बेताने टाका.

जर्सीकर
भांबुर्डा ओळखायचा कसा? यंदा जानेवारीत घरी येतोय, कुणाला विचारायला लागू नये.

वाडीवरचा
@जर्सीकर शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला, हिवाळ्यात आपोआप उगवतो. पान चुरडलं की ओव्यासारखा उग्र वास, तो आला नाही तर सोडून द्या. दिवस असतानाच काढा, अंधारात भलतंच काहीतरी उपटून आणतात लोक. मुळं कापून टाका, माती लागलेली खालची पानंही. धुतलात तर पूर्ण निथळू द्या. हमरस्त्याला लागून असलेला घेऊ नका, धूळ बसलेली असते. एका मडक्याला दोन्ही हातांत मावेल असे दोन भारे. फेब्रुवारी सरत आला की पाला सुकायला लागतो, म्हणून तारीख जानेवारीतलीच धरा.

जर्सीकर
धन्यवाद. आणि मडकं?

पीजेसम्राट
ज्याचा विनोद पडेल त्याने आणायचं.

मीठमिरची
म्हणजे यंदाचं तूच आण