पावलांचे आकडे ग्रुपवर टाकायचे का?

बी-४०३ देशपांडे काका: नमस्कार मंडळी. १ तारखेपासून रोज सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जायचं ठरवलंय. येणाऱ्यांनी रात्री ९ पर्यंत आपल्या पावलांचा आकडा इथे टाकायचा. चारचौघांत बोलून बसलं की माघार घेता येत नाही!

सी-२०१: 👏👏

ए-१०२ अमोल: मस्त काका 👍

ए-३०४ स्नेहा: काका, विरजण घालायचं नाहीये, पण उलटंही होतं. गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘कसून अभ्यास करणार’ हा ज्यांचा संकल्प दुसऱ्याने वाचला, तेच अभ्यासाला कमी वेळ बसले. कौतुक आधीच पदरात पडलं ना! आताही बघा, तुम्ही अजून बूट घातले नाहीत आणि टाळ्या सुरू.

देशपांडे काका: म्हणजे गुपचूप जायचं? मग दांडी मारली तर विचारणार कोण?

बी-१०१ शिंदे काकू: विचारणारं माणूस हवंच, पण अख्खी सोसायटी कशाला? आमच्या बचत गटात बारा जणी. बैठकीला उशीर झाला की १० रुपये दंड, वहीत नोंद. एकीने हप्ता थकवला की पुढचं बँकेचं कर्ज सगळ्यांचंच अडतं, म्हणून आदल्या दिवशीच दारात हजर होतो आम्ही. इथे काकांचा आकडा नाही आला तर कुणाचं काय अडणार? त्यात टँकरवरचे पन्नास मेसेज, दिसणार तरी कुणाला.

अमोल: मग दंडच लावू. दांडीला ५० रु.

सी-५०२ खजिनदार: दंड मागाहून वसूल होत नाही, मेंटेनन्सची थकबाकी मला विचारा. पैसे आधी जमा करा. फिलिपिन्समध्ये एका बँकेने सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी असंच खातं काढलं होतं. सहा महिने स्वतःचे पैसे भरायचे, व्याज शून्य, शेवटी लघवीची तपासणी. नापास झालात तर सगळी रक्कम दानात. सोडणारे वाढले, पण ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या साधारण ११ टक्के लोकांनीच खातं उघडलं.

स्नेहा: तेच तर. पैसे काढायची वेळ आली की अंगठे गायब.

देशपांडे काका: बरं, ५०० रु. खजिनदारांकडे ठेवतो. आठवड्यातून चार दिवस. चुकलो तर वॉचमनच्या दिवाळीत घाला. पण साक्षीदार कोण? आमच्या हिला नको, ती लगेच विरघळते.

शिंदे काकू: मी येते. सहाला गेटवर. सव्वासहापर्यंत दिसला नाहीत तर इंटरकॉम करणार नाही, थेट खजिनदारांना कळवणार. पाऊस असला तर पार्किंगमध्ये फेऱ्या.

देशपांडे काका: आणि गुडघा धरला तर?

शिंदे काकू: डॉक्टरांनी सांगितलं तर सुट्टी. तुम्ही सांगितलंत तर नाही.

अमोल: मीपण ५०० देतो. सातला चालेल का?

शिंदे काकू: नाही.

ॲडमिन: फिरणाऱ्यांनी कृपया वेगळा ग्रुप करावा. उद्या टाकी धुणार आहेत, १० ते १२ पाणी बंद.