मदत हवी आहे: जर्मन ए२ झालंय, आता जपानी सुरू करू का?

पुणे विद्यापीठ, मेकॅनिकल, दुसरं वर्ष. अकरावी-बारावीला जर्मन होतं, त्यानंतर ए२ची परीक्षाही झाली (ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ या पातळ्यांतली दुसरी). वर्गातले बरेच जण आता जपानीचा क्लास लावतायत. आठवड्याला ६ तास निघतात, सबमिशनच्या दिवसांत तेवढेही नाहीत. मास्टर्स जर्मनीत करायचा विचार आहे, पण पक्का नाही. जर्मनच पुढे न्यावं, जपानी धरावं की दोन्ही? डिसेंबरात जपानीची एन५ (सगळ्यात खालच्या पातळीची परीक्षा, एन१ सगळ्यात वरची) देता येईल का?

कोथरूडकर:
आधी तासांचा हिशोब करा. गोएथे या जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे शून्यापासून ए२पर्यंत ४५ मिनिटांच्या २०० ते ३५० तासिका लागतात, बी१पर्यंत ३५० ते ६५०. म्हणजे तुमच्या पुढे अजून १५० ते ३०० तासिका आहेत. ६ तासांतले ४ क्लासला, २ घरच्या अभ्यासाला धरले तर आठवड्याला पाच तासिका होतात. बी१ला सात महिने ते सव्वा वर्ष, तेही एका भाषेचं. त्यात जपानी घातलं की दोन्ही पायथ्याशीच राहणार.

ए२ ही अर्धवट जागा आहे. वापर थांबला की चार-सहा महिन्यांत आधी उपपदं (नामाआधीचे डेर, डी, दास) जातात, मग भूतकाळाची रूपं. बी१नंतर सोपे लेख आणि बातम्या वाचता येतात, त्यामुळे ती भाषा क्लासशिवायही टिकते. म्हणून माझं मत: बी१च्या आत दुसरी भाषा नको.

मास्टर्सचं म्हणाल तर जर्मनीत इंग्रजी माध्यमाचे बरेच अभ्यासक्रम आहेत आणि त्यांच्या प्रवेशाला जर्मन लागतंच असं नाही. जर्मन माध्यमाला मात्र टेस्टडाफ किंवा डीएसएच ही जर्मनची परीक्षा लागते, साधारण सी१च्या आसपास. पण इंग्रजी माध्यमात शिकलात तरी इंटर्नशिप आणि नोकरी शोधताना जर्मन आडवं येतं, मेकॅनिकलला तर जास्तच.

उपपद_शत्रू:
+१. अकरावी-बारावीच्या जर्मनमध्ये मार्क मिळतात, तोंड उघडत नाही. बी१च्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात, प्रत्येकात १००पैकी ६० हवेत. एक गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो. गोएथेच्या संकेतस्थळावर नमुना संच फुकट आहे. या रविवारी श्रवणाचा भाग (४० मिनिटं) घड्याळ लावून सोडवा. १००पैकी ४०च्या खाली गुण आले तर अडचण ए२च्या पायातच आहे, आणि मग जपानीचा प्रश्न निघतच नाही.

शब्द उपपद आणि अनेकवचनासकट पाठ करा, नुसता शब्द नको. ‘-उंग’, ‘-हाइट’, ‘-काइट’ने संपणारे स्त्रीलिंगी, ‘-शेन’ने संपणारे नपुंसकलिंगी. ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी, तरी नपुंसकलिंगी, याचं इंग्रजी माध्यमातल्यांना फार नवल वाटतं. मराठीत वासरू, पाखरू, लेकरू काय वेगळं करतात?

प्रश्नकर्ता:
पण जपानी मराठीला जवळची आहे म्हणतात ना? आणि एन५ सोपी?

कात्रज_एन३:
वाक्यरचना जवळची आहे, हे खरं. ‘मी पुण्याला जातो’ हे ‘वाताशी वा पुणे नि इकिमासु’: क्रम तोच, ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’. जवळीक तिथे संपते आणि लिपी सुरू होते. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिप्यांची ४६-४६ अक्षरं, एन५ला साधारण १०० कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) आणि ८०० शब्द. रोमन लिपीत शिकत राहणारे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अडकतात. काताकाना टाळणारे पेपरात अडकतात, कारण परकीय शब्द त्यातच असतात. (जाता जाता: पार्टटाइम कामाला जपानीत ‘आरुबाइतो’ म्हणतात. तुमचं जर्मन ‘आरबाइट’च ते.)

एन५मध्ये बोलायचं नसतं, लिहायचं नसतं, सगळे पर्याय. १८०पैकी ८०ला पास, पण श्रवणात ६०पैकी १९ आणि उरलेल्या भागात १२०पैकी ३८ हवेतच. एकूण ९५ असून श्रवणात १८ आले तर नापास, आणि इथे एकच भाग पुन्हा देण्याची सोय नाही. केंद्र पुण्यात आहे. पण परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे तुमच्या एन्ड-सेमच्या ऐन तोंडावर. नोंदणी काही महिने आधीच होते, तेव्हा तुमचं वेळापत्रक लागलेलं नसतं. द्यायचीच असेल तर जुलै बघा, पण तेव्हाही उन्हाळी पेपर कधी संपतात ते आधी पाहा.

नोकरीसाठी मात्र एन५चा उपयोग जवळपास शून्य. कंपन्या एन३पासून पुढे विचारतात, भाषेच्याच कामाला एन२. तेवढं जायची तयारी असेल तरच हात घाला.

प्रश्नकर्ता:
समजलं. मग जपानीचं फक्त हिरागाना-काताकाना करून ठेवू का?

कोथरूडकर:
सुट्टीत करा, तीन आठवड्यांत होतं. सेमिस्टर चालू असताना नको. आणि कार्डांचं ॲप वापरत असाल तर रोज नवे शब्द १०च ठेवा. २० केलेत की महिन्याभरात रोजची उजळणी दीडशेच्या घरात जाते, आणि सबमिशनच्या आठवड्यात ॲप उघडणंच बंद होतं.