लहानपणी गेममध्ये यायची ती मजा आता का येत नाही? नेमकं काय बदललं ते लिहा

'वय झालं' हे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ आहे, ते इथे नको. तोच जुना गेम लावला तरी अळणी लागतो आणि नवा गेम तासाभरात बंद करावासा वाटतो, ही तक्रार इतक्या जणांची आहे की त्यामागे तपासता येण्याजोगी कारणं असणारच. टीव्ही, कन्सोल, इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम), ऑनलाइन मॅच, गेम डिझाइन, ज्याचा हात ज्यात बसलाय त्याने त्यातलं लिहावं: काय बदललं, ते कसं ओळखायचं, काय करून बघायचं. आठवणींचे कढ नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.

नळीवाला

सुरुवात टीव्हीपासून करा. 'मारिओ आता जमत नाही' यात दोष बऱ्याचदा बोटांचा नसून पडद्याचा असतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तशी एकेक ओळ रंगवत जायचा, मध्ये कसलीही प्रक्रिया नसायची. आजचा टीव्ही आधी आख्खी फ्रेम साठवतो, मोठी करतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. या भानगडीत काही टीव्हींवर १०० मिलिसेकंदांहून जास्त उशीर होतो. ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० फ्रेम) एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे सहा फ्रेम गेल्या. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये (१९८५) पूर्ण वेगात पळणारा मारिओ दर फ्रेमला अडीच पिक्सेल सरकतो. सहा फ्रेममध्ये १५ पिक्सेल, आणि वीट असते १६ पिक्सेलची. टोकावरून मारलेली उडी जवळजवळ एक वीट उशिरा लागते आणि मारिओ खड्ड्यात जातो. जुनी सवय जितकी पक्की तितका त्रास जास्त, कारण बोटं जुन्याच वेळेला बटण दाबतात.

टीव्हीच्या मेनूत गेम मोड चालू करा, तो ही प्रक्रिया कमी करतो. बहुतेक टीव्हींवर तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा असतो, तेव्हा कन्सोल ज्या पोर्टला आहे तिथेच बघा. हालचाल गुळगुळीत करणाऱ्या मोशन स्मूदिंगला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय, ते शोधून बंद करा.

खरा घोळ पुढे आहे. जुने कन्सोल २४०पी सिग्नल देतात, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये सलग २४० ओळी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलने ते नव्या टीव्हीला जोडले की अनेक टीव्ही त्याला ४८०आय (विषम-सम ओळी आलटून पालटून पाठवणारा सिग्नल) समजतात आणि नसलेल्या विषम-सम ओळी जुळवत बसतात. परिणाम: आणखी उशीर, हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते, आणि मार लागल्यावर लुकलुकणारं पात्र कधी अर्धवट दिसतं तर कधी गायबच होतं. स्वस्तातला एव्ही-टू-एचडीएमआय डबा हेच करतो, शिवाय चित्र १६:९ मध्ये ताणतो. ओएसएससी किंवा रेट्रोटिंक जातीचे लाइन डबलर २४०पी ओळखतात आणि जवळजवळ शून्य उशिराने प्रत्येक ओळ दुप्पट करतात. चित्र ४:३ ठेवा, नाहीतर उडीची लांबी डोळ्याला चुकीची वाटते.

पन्नास_साठ

नळीवाले, यात एक भर. तुम्ही लहानपणी ५० हर्ट्झवर खेळलात की ६० वर, हे बघा. पाल (युरोप, भारत वगैरे भागांतली टीव्ही पद्धत) पद्धतीच्या कन्सोलवर सेकंदाला ५० फ्रेम चालायच्या. ज्या गेमचा वेग नीट जुळवून दिला नव्हता तो साधारण १७ टक्के हळू धावायचा. तोच गेम आज ६० हर्ट्झच्या आवृत्तीत खेळलात तर तुमच्या ओळखीच्या वेगापेक्षा २० टक्के जोरात पळतो. शत्रू लवकर येतात, आणि संगीतही फ्रेममागे पुढे सरकत असल्यामुळे घाईत वाजतं. 'काहीतरी वेगळंच वाटतंय' याचं कारण कधीकधी इतकं साधं असतं.

फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या) नकला, म्हणजे एकाच कार्ट्रिजमध्ये हजारो गेम असल्याचं सांगून तेच आठ-दहा पुन्हा पुन्हा देणारे ते संच, त्यांतले अनेक ५० हर्ट्झवर चालायचे, पण त्यांची अंतर्गत घड्याळं पालपेक्षा वेगळी होती. मेसेनसारख्या इम्युलेटरमध्ये रीजनखाली एनटीएससी (अमेरिका-जपानची ६० हर्ट्झची पद्धत), पाल आणि डेंडी (अशाच नकलांची) असे तिन्ही पर्याय मिळतात. एकच गेम तिन्हींवर दोन-दोन मिनिटं खेळा, कान लगेच सांगतील.

रनअहेड

इम्युलेटरवाल्यांसाठी. गेमला स्वतःचाही उशीर असतो: बटण वाचल्यावर काही गेम एका फ्रेमनंतर हलतात, काही दोन-तीन. तो मोजता येतो. रेट्रोआर्क या इम्युलेटरमध्ये कीबोर्डवरचं पी दाबून गेम थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. पात्र हलेपर्यंत किती वेळा के दाबावा लागला ते मोजा आणि त्यातून एक वजा करा. तो आकडा सेटिंग्ज, लेटन्सी, रन-अहेडमध्ये भरा, म्हणजे गेम तितक्या फ्रेम पुढे चालवून तो उशीर लपवला जातो. जास्त भरलात तर उडीच्या सुरुवातीच्या फ्रेम गिळल्या जातात आणि पात्र टुणकन जागा बदलतं. तसं दिसलं की एकाने कमी करा. हे तंत्र प्रत्येक फ्रेमसाठी गेम अनेकदा चालवून पाहतं, त्यामुळे जुन्या फोनवर उलट अडखळायला होतं.

असा वाचवलेला वेळ म्हणजे मूळ कन्सोलवर मात नव्हे. टीव्हीने खाल्लेल्या फ्रेमची ती भरपाई आहे.

आणि ब्लूटूथ हेडफोन काढा! साध्या एसबीसी कोडेकवर (आवाज दाबून पाठवायची पद्धत) आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे राहतो. नाण्याचा 'टिंग' नाणं घेतल्यावर पाव सेकंदाने आला की हाताला जो प्रतिसाद हवा असतो तो मिळतच नाही. तारेचा हेडफोन लावा.

कार्बनपट्टी

थोडक्यात सांगतो. कंट्रोलरचं बटण जोरात दाबावं लागत असेल तर उघडून रबरी पडद्याखालच्या काळ्या कार्बनच्या टिकल्या बघा. सर्किटच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कापसाच्या काडीने पुसा. टिकली मात्र घासू नका, कार्बन निघून येतो. ती झिजली असेल तर पडदाच बदला.

गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला बॅटरी असते. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं म्हणून ती लवकर संपते. तिथे सीआर२०२५ लागते, पट्ट्या जोडलेलीच घ्या; सेलला थेट डाग दिला तर तो फुटू शकतो. कार्ट्रिजच्या स्क्रूला ३.८ मिमीचं खास बिट लागतं. जुनी बॅटरी काढताच सेव्ह जातो, म्हणून आधी कार्ट्रिज रीडरने त्याची प्रत काढा.

पातळी_रचणारी

यंत्रं दुरुस्त केल्यावरही नवे गेम कंटाळवाणे वाटतात, त्याचं काय? मेंदूत डोपामिन मिळालेल्या बक्षिसापेक्षा अपेक्षा आणि बक्षीस यांच्यातल्या फरकावर अधिक बोलतं, हे शुल्ट्झ, डायान आणि माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये मांडलं. लहानपणी प्रत्येक पेटी उघडणं हे आश्चर्य होतं. आज पहिल्या दहा मिनिटांतच ओळखू येतं की इथे स्किल ट्री (कौशल्यं उघडत जायची यादी) आहे, इथे क्राफ्टिंग (सामान जुळवून वस्तू बनवणं) आहे, हा दरवाजा तिसऱ्या भागात उघडणार. फरक शून्य, मजा शून्य.

त्याच प्रकारचा आणखी चकचकीत गेम घेऊन काही होत नाही. ज्या प्रकारचं व्याकरण तुम्हाला येत नाही तो प्रकार घ्या. आयुष्यभर नेमबाजी केली असेल तर बाबा इज यू (२०१९) बघा, त्यात नियम लिहिलेले शब्दच ढकलून नियम बदलायचे असतात. आउटर वाइल्ड्समध्ये (२०१९) बावीस मिनिटांचं चक्र पुन्हा पुन्हा सुरू होतं आणि चक्रामागून चक्र साठत जातं ते फक्त तुमचं ज्ञान. तलवार नाही, लेव्हल नाही. असे गेम व्हिडिओ बघून खेळलात तर त्यात काहीच उरत नाही.

रोजची_हजेरी

माझा रोख रोजच्या कामांवर. गेन्शिन इम्पॅक्ट या ऑनलाइन गेममध्ये रेझिन नावाची ऊर्जा दर आठ मिनिटांनी एक भरते. मर्यादा १६० होती तेव्हा ती २१ तास २० मिनिटांत काठोकाठ भरायची, म्हणजे रोज एकदा आला नाहीत तर वाया. २०२४ मध्ये मर्यादा २०० झाली, आता २६ तास ४० मिनिटं. 'खेळावंसं वाटतंय' याऐवजी 'वाया जाईल' या भावनेने गेम उघडला जातो तो इथे. बॅटल पासचंही (सीझनभर खेळून बक्षिसं उघडायची योजना) तेच, वर त्याला शेवटची तारीख.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की ज्या मुलांना चित्रं काढायला आवडायचं, त्यांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली तर नंतर मोकळ्या वेळात ती कमी चित्रं काढतात. अचिव्हमेंट, म्हणजे ठरलेली कामं केल्याचे बिल्ले, २००५ च्या एक्सबॉक्स ३६० पासून सगळीकडे पसरल्या. त्या बंद करता येत नसल्या तरी त्यांची पाटी येणं बंद करता येतं: प्लेस्टेशनवर नोटिफिकेशन्समध्ये ट्रॉफी, स्टीमवर ओव्हरले. आणि एक कसोटी. रोजचं बक्षीस काढून टाकलं तरी आज हा गेम उघडला असता का? नाही असेल तर चालू पास संपल्यावर पुढचा घेऊ नका. मध्येच सोडणं जड जातं, सीझनच्या शेवटी सोपं.

उलटी_बाजू

@रोजची_हजेरी, लहानपणीचे गेम काही संत नव्हते. आर्केडची मशीन्स काही मिनिटांत नाणं संपावं अशीच बेतलेली होती, आणि घरी आलेल्या गेमनी तोच कडकपणा उचलला. आख्खा सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटचा, ३२ लेव्हल्स; वॉर्प झोन (लेव्हल्स ओलांडणारा गुप्त रस्ता) वापरून पट्टीचे खेळाडू तो पाच मिनिटांच्या आत संपवतात. तो महिनोन्‌महिने पुरायचा कारण दर वेळी पहिल्यापासून सुरू करावा लागायचा. काँट्रामध्ये तीन जीव मिळायचे. वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए केलं की तीस.

गेले ते हे चीट कोड, आणि त्याचं दुःख मला जास्त आहे. गेम मोडून बघायची ती परवानगी होती. अचिव्हमेंट आणि ऑनलाइन दुकान आल्यावर बहुतेक ठिकाणी ती गेली, आणि काही ठिकाणी तीच सोय बूस्टर म्हणून विकत मिळते. पीसीवर अजून मॉड्स (खेळाडूंनी केलेले बदल) आणि कन्सोल कमांड (टाइप करून द्यायच्या आज्ञा) आहेत. एकट्याने खेळायच्या गेममध्ये खुशाल वापरा, ऑनलाइन गेममध्ये नको, खातं बंद होईल.

लॅनकेबल

ऑनलाइन मॅचबद्दल. मॅचमेकिंग तुमच्या तोडीचाच प्रतिस्पर्धी शोधतं, त्यामुळे कितीही सुधारलात तरी जिंकण्याचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. बुद्धिबळातल्या इलो गुणपद्धतीत २०० गुणांचा फरक असला की वरच्याची अपेक्षित टक्केवारी ७६ असते, ४०० ला ९१. पाच-सहा ओळखीच्या मुलांत असे फरक असायचेच. कोणीतरी राजा असायचा, त्याला एकदा हरवणं ही महिन्याची बातमी. अनोळखी लोकांच्या रांगेत राजा होता येत नाही आणि हरवलेला माणूस पुन्हा भेटत नाही. ठरलेला गट, खासगी लॉबी, ठरलेला वार. स्प्लिट स्क्रीनचे (एकाच पडद्याचे भाग करून खेळायचे) गेम स्टीमच्या रिमोट प्ले टुगेदरने लांबच्यांनाही खेळता येतात, गेम एकाकडे असला तरी पुरतो. यजमानाचा अपलोड वेग कमी असेल तर रिझोल्यूशन ७२० वर आणा.

वयाचा भाग खोटा नाही, पण लोकांना वाटतो तसा नाही. स्टारक्राफ्ट २ च्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या अभ्यासात (२०१४) प्रतिसादाचा वेग चोविशीपासूनच मंदावू लागलेला दिसला. अनुभवी खेळाडू शॉर्टकट आणि सोप्या चाली वापरून तो फरक भरून काढताना दिसले.

नकाशाबंद

मॉरोविंड या गेममध्ये (२००२) कुठे जायचं ते डायरीत शब्दांत लिहिलेलं असायचं: या पुलाच्या पुढे, त्या खडकापासून पूर्वेला. त्याच मालिकेतल्या ऑब्लिव्हियनने (२००६) होकायंत्रावर खूण दिली आणि डोळे रस्त्यावरून त्या खुणेवर गेले. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये सेटिंग्जमधला प्रो मोड निवडा, हृदयं सोडून जवळजवळ सगळं नाहीसं होतं. पण सरसकट सगळीकडे खुणा बंद करू नका. ज्या गेमच्या संवादांत दिशा सांगितलेलीच नाही तिथे तुम्ही नुसते भटकत राहाल. आधी एक क्वेस्ट (गेममधलं काम) स्वीकारा, मजकूर वाचा. ठिकाण शब्दांत सापडत असेल तरच खूण काढा.

विकीचंही तसंच. पोकेमॉनच्या पहिल्या गेममध्ये एका ट्रकखाली म्यू हा दुर्मिळ पोकेमॉन आहे ही अफवा खोटी होती, ट्रक मात्र खरा होता. आज ती अफवा एक दिवसही टिकणार नाही, गेमच्या फाइली उघडून यादीच बाहेर येते.

दोन_तासवाली

वेळेचा हिशोब मांडा. १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसवर उतरायला सलग साडेचार तासांच्या आसपास लागतात. आठवड्यात दोनच तास मिळत असतील तर ते अपडेटची पट्टी बघण्यात जातात. स्टीममध्ये डाउनलोड्सखाली अपडेटची वेळ ठरवा, रात्रीची. कन्सोल रेस्ट मोडमध्ये ठेवा. आणि पन्नास तासांचा गेम आठवड्याला दोन तास, म्हणजे सहा महिने. दरम्यान बटणं विसरतात. थांबताना पुढे काय करायचं होतं ते एका ओळीत लिहा, परत आल्यावर आधी पाच मिनिटं सोप्या शत्रूंवर हात साफ करा.

मनाचा_भाग

एक गोष्ट वेगळी काढा. फक्त गेमच नाही तर गाणी, माणसं, फिरणं, कशातच रस उरला नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज चालू असेल, तर तो नैराश्याच्या निदानातला एक मुख्य निकष आहे. डॉक्टरांना भेटा, टीव्हीचा मेनू नंतर.

अर्धा_फ्रेम

नळीवाले, गेम मोड लावला, केबल बदलली. तरी पळताना चित्र पुसट होतं. टीव्ही ओलेड आहे.

नळीवाला

ओलेडचे पिक्सेल झटकन बदलतात, पण प्रत्येक फ्रेम पूर्ण १६.७ मिलिसेकंद पेटलेली राहते आणि डोळा तेवढ्यात पुढे सरकतो. १०८० ओळींच्या पडद्यावर ४:३ मध्ये मारिओचे अडीच पिक्सेल साधारण चौदा होतात, तितकाच पुसटपणा दिसणार. ट्यूबच्या आतला चमकणारा फॉस्फर थर क्षणभर चमकून विझायचा, म्हणून तिथे धार असायची. मेनूत ब्लॅक फ्रेम इन्सर्शन (मध्ये काळी फ्रेम घालायची सोय) असेल तर लावून बघा. उजेड जवळपास निम्मा होईल, तेव्हा खोलीतला दिवा मंद करा. ६० हर्ट्झला काहींना लुकलुकणं जाणवतं आणि डोकं दुखतं. तसं झालं तर बंद करा. काही टीव्हींवर ते लावल्यावर उशीरही वाढतो, म्हणून लावल्यानंतर उडी पुन्हा तपासा.