गाडी तीन महिने उघड्यावर, बॅटरीचं काय करू?

ताई, दादर, ९ डिसेंबर

नमस्कार, आपल्या शिकागोच्या मंडळातल्या सगळ्यांना. आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, परवा वॉकर धरून गॅलरीपर्यंत गेली. फोन केलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार, एकेकाला कळवायला सवड होत नाहीये.

आता गाडीचं. शिकागोहून निघाले त्या दिवशी ती नेहमीच्या जागी, तिथल्या बिल्डिंगच्या मागे उघड्यावर लावली आणि टॅक्सीने विमानतळ गाठला. तीन आठवड्यांत परतेन असं वाटलं होतं. आता डॉक्टर म्हणतात, फेब्रुवारीअखेरपर्यंत आईला एकटं ठेवू नका. बॅटरी चार वर्षं जुनी आहे आणि तिथे जवळपास चार्जर लावायला प्लगपॉइंट नाही. चावी शिकागोबाहेर शॉमबर्गला राहणाऱ्या बापूंकडे आहे. बापू, दर रविवारी येऊन दहा मिनिटं चालू करून ठेवाल का?

बापू, शॉमबर्ग

नक्की. दहा नाही, पंधरा मिनिटं ठेवीन, हीटर लावून. तुम्ही आईंकडे बघा.

नाना, विलेपार्ले

बापू, थांबा जरा. उभ्या गाडीला दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवणं म्हणजे बॅटरीचं नुकसानच. कडाक्याच्या थंडीत स्टार्टर जेवढं खेचतो, तेवढं त्या पंधरा मिनिटांत भरून निघत नाही, त्यात तुम्ही हीटरचा पंखा लावणार. दुसरं, पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. सायलेन्सर नीट तापण्याआधी गाडी बंद केली की ते पाणी सायलेन्सरात आणि इंजिनच्या तेलात साचून राहतं. फिरवायची तर अर्धा तास रस्त्यावर फिरवा, नाहीतर हातच लावू नका.

ताई, आता हिशेब बघ. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, रिमोटची वाट बघणारं सर्किट असं सगळं मिळून ५० मिलिअँपियर धर. दिवसाला १.२ अँपियर-तास झाले. ६० अँपियर-तासांची बॅटरी ५० दिवसांत रिकामी, आणि तुला तर तीन महिने काढायचे आहेत. भरलेली बॅटरी उणे ५० ला पण गोठत नाही. रिकामी झाली की आतलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं आणि उणे दहाच्या आतच त्याचा बर्फ होतो. शिकागोत २०१९ च्या ३० जानेवारीला उणे ३१ झालं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच्या बऱ्याच आधी एका जानेवारीत माझ्या बॅटरीची एक बाजू फुगून उभी चीर पडली होती. शेजारी केबल घेऊन जंप द्यायला, म्हणजे त्याच्या बॅटरीने माझी गाडी सुरू करायला आला, त्याला मी हात धरून थांबवलं. गोठलेल्या बॅटरीला जंप दिला तर ती फुटते आणि आम्ल तोंडावर उडतं.

उपाय सोपा आहे. दहा मिलिमीटरचा पाना घ्या आणि निगेटिव्हची, म्हणजे काळी केबल काढा. आधी काळीच. लाल आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतील. लावताना काळी शेवटी. केबल ताठ असते, सुटली की परत टर्मिनलकडे वळते, म्हणून तिच्या टोकावर जुना लोकरी मोजा चढवून दोरीने बाजूला बांधायचा. मी बावीस वर्षं हेच करतोय. दर डिसेंबरात पार्ल्याला येतो, मार्चमध्ये शिकागोला परत जातो आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते.

दादा, मुलुंड

नानांचं केबलचं बरोबर आहे. पण उंदरांचं कोणीच बोललं नाही. माझ्या मेहुणीची गाडी इथे सोसायटीच्या आवारात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत उभी होती. मेकॅनिकने एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत मुलांच्या वह्यांचे कपटे, शेंगांची टरफलं आणि मधे गोल खळगा केलेला. दोन वायरी कुरतडलेल्या. मुंबईत थंडी ती काय, आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. तरी उंदरांनी एवढं केलं. शिकागोत तर ते ऊब शोधत येणारच.

डांबराच्या गोळ्या ठेवू नका. तो वास पंख्यातून आत शिरतो आणि महिनोन् महिने जात नाही. इथले मेकॅनिक तंबाखूची पानं ठेवायला सांगतात. ठेवलीत तर गाडी सुरू करण्याआधी आठवणीने काढा, गरम पाइपावर सुकं पान पडलं तर पेट घेईल. आणि कव्हर घाला. इथे शेजारच्या बिल्डिंगचं पुनर्विकासाचं काम चालू आहे, सिमेंटची धूळ रात्रीच्या दवात भिजून काचेवर थरच्या थर बसते. सुक्या फडक्याने पुसली की ओरखडे. आधी पाणी ओतायचं.

नाना, विलेपार्ले

दादा, मुंबईत कव्हर ठीक आहे. तिकडे नाही. बर्फ वितळून कव्हर भिजतं, रात्री गोठून पत्र्याला चिकटतं, आणि वाऱ्यात फडफडलं की खालची धूळ रंगावर घासली जाते. एकदा घालून पाहिलं, बॉनेटवर कायमचे पांढरे डाग पडले. वायपर उभे करून ठेवायला सांगणारेही असतात. वाऱ्याने ते काचेवर आपटतात. वायपर खालीच ठेवून मधे प्लास्टिकची पट्टी सरकवा.

वहिनी, साहित्य समिती, सध्या ठाणे

ताई, केबल काढायच्या आधी एक गोष्ट. तुमच्या डिकीत मंडळाचं सामान आहे ना? कोजागिरीनंतर दोन खोकी आणि समई तुमच्याकडे दिली होती, समितीच्या सामानाच्या माझ्या वहीत नोंद आहे. संक्रांतीच्या वाणाच्या स्टीलच्या वाट्या त्यातच आहेत. तुमच्या गाडीची डिकी बटणाने उघडते, म्हणजे करंट गेला की ती उघडणारच नाही. गेल्या वर्षी मखराच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सामान कोणी काढायचं ते समितीला विचारून ठरवावं ही विनंती. बापूंवर अविश्वास नाही, पण नोंद राहायला हवी.

ताई, दादर

वहिनी, हो, दोन्ही खोकी तिथेच आहेत. गुलाबपाण्याच्या काचेच्या बाटल्याही आहेत, त्या गोठून फुटतील हे आत्ता लक्षात आलं. पाणी गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं. बापू, त्या लवकरात लवकर काढा.

आणि कालच बिल्डिंगच्या मॅनेजरचा निरोप आला. दोन इंचांहून जास्त बर्फ पडला की मागची जागा सकाळपर्यंत रिकामी करून द्यायची, नाहीतर गाडी टो करणार. नाना, केबल काढली तर बर्फ काढणारा प्लाऊ येईल तेव्हा गाडी हलवायची कोणी? रात्री आईला दोनदा उठवावं लागतं, त्यात हे डोक्यात फिरत राहतं.

बापू, शॉमबर्ग

मी म्हणत होतो ना, चालू ठेवायलाच हवी. दर बर्फाला येऊन हलवीन, दुसरा काय मार्ग आहे?

नाना, विलेपार्ले

हलवून ठेवणार कुठे? शिकागोच्या बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर १ डिसेंबर ते १ एप्रिल पहाटे तीन ते सात पार्किंग बंद असतं, बर्फ असो की नसो. गल्लीत जागा मिळाली तर कोणीतरी फावड्याने साफ करून जागा राखायला खुर्ची ठेवलेली असते, तिथे गाडी लावून भांडण कशाला घ्यायचं? आणि पहाटे चारला शॉमबर्गहून बर्फातून तुम्ही यायचं? लेक शोअर ड्राइव्हवर २०११ च्या फेब्रुवारीत शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या. हे मला पटत नाही.

माझं म्हणणं, बापू, गाडी तुमच्याच ड्राइव्हवेवर न्या. त्या पाऊण तासाच्या रस्त्यात इंजिन पुरतं तापेल आणि बॅटरीही बरीच भरेल. मग केबल काढा. तिथे प्लाऊ तुमचा तुम्ही बोलावता, गाडी हलवायची वेळच येणार नाही.

बापू, शॉमबर्ग

माझ्याकडे आधीच दोन गाड्या आहेत. गॅरेजच्या बाजूला गवतावर लावू का?

नाना, विलेपार्ले

गवतावर नको. खालून ओल येते, गंज चढतो, उंदरांनाही सोयीचं. तुमची लहान गाडी गॅरेजमध्ये जाईल. तिथले मखराचे सांगाडे माझ्या तळघरात हलवा, चावी शेजाऱ्यांकडे आहे, मी आत्ता त्यांना फोन करतो.

वहिनी, साहित्य समिती, सध्या ठाणे

सांगाडे हलवताना वरचं थर्माकोलचं तोरण वेगळं ठेवा. त्याची मापं पुढच्या वर्षी लागणार आहेत.

नाना, विलेपार्ले

ठेवतील. बापू, वाटेत गाडी धुऊन घ्या, खालून पाण्याचा जोर मारतात त्या ठिकाणी. रस्त्यावरचं मीठ चिकटलेलं ठेवून तीन महिने उभी केली तर पत्रा खाल्ला जाईल. टाकी पूर्ण भरा. काचेवर उडवायचं पाणी थंडीतलं आहे ना बघा, उन्हाळ्यातलं असलं तर पंपातच गोठेल. हँडब्रेक ओढू नका, लायनर डिस्कला धरून बसतात. गिअर पी, म्हणजे पार्कमध्ये टाकून चाकांना पुढून-मागून विटा लावा. काचा वर करून घ्या, डिकी रिकामी करा, बॉनेट उघडा, दारं लॉक करा आणि मगच केबल काढा. नंतर रिमोट चालणार नाही, त्याच्या आत लोखंडी चावी असते ती ड्रायव्हरच्या दाराला लागते.

बापू, शॉमबर्ग, १५ डिसेंबर

झालं. इथे रात्रीचे नऊ, म्हणजे तुमची सकाळ झाली असेल. गाडी धुतली, टाकी भरली, ड्राइव्हवेवर उतरती बाजू सोडून सपाटीला लावली. व्होल्टमीटरवर १२.५ दाखवत होतं. काळी केबल काढली, सौ.ने विणलेला मोजा चढवला आणि बाजूला बांधला. नाना, पी मध्ये आहे, हँडब्रेक खाली, चार विटा लावल्या. तंबाखूची पानं ठेवली नाहीत, एअर फिल्टर उघडून पाहिला, स्वच्छ आहे.

गुलाबपाण्याच्या सहापैकी दोन बाटल्या तडकल्या होत्या. काचेला धरून बर्फ उभा होता, गुलाबी. बाकीच्या घरात घेतल्या. समई ठीक आहे.

वहिनी, वाट्या मी आणि सौ.ने दोनदा मोजल्या, ८३ भरल्या. तुमच्या वहीत किती आहेत?

ताई, दादर

बापू, नाना, तुमचे उपकार कसे फेडू? आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, बापूंना सांग, आल्यावर डिंकाचे लाडू पाठवते.

वहिनी, साहित्य समिती, सध्या ठाणे

वहीत ८५ आहेत. दोन ताईंच्या स्वयंपाकघरात असतील, कोजागिरीला मसाला दुधाच्या वेळी वापरल्या होत्या. बापूंकडे घराचीही चावी असेल तर बघून घेतील का?