अनुभव धागा: जाहिरात स्वतःची की सुपारीची?

घोडबंदरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. बी विंगच्या काकूंनी 'पुरणपोळीच्या ऑर्डर घेते' एवढंच टाकलं, तर ॲडमिनने 'जाहिराती नकोत' म्हणून ते उडवलं. त्याच ग्रुपवर एक गृहस्थ सहा महिने 'आमच्या मुलाला या क्लासने खूप फरक पडला' असं सांगत होते. दर ॲडमिशनमागे त्यांना कमिशन मिळतं, हे आत्ता कळलं. तुमचे अनुभव लिहा. दुकानांची, क्लासची नावं नकोत.

नेरुळहून
मी दर एप्रिलला हापूस विकते. माहेर देवगडचं, बाग भावाची. मेसेजखाली माझं नाव, विंग, फ्लॅट नंबर. गेल्या वर्षी लिफ्टमध्ये एक आजोबा अर्धा कापलेला आंबा डब्यात घेऊनच उभे होते. "बघ, साका आहे." बघितलं, आतला गर पांढरट, स्पंजासारखा; साका होताच. संध्याकाळी चार फळं बदलून दिली. कमिशनवाल्याला असं लिफ्टमध्ये कोण गाठणार?

ऐरोलीहून
माझं खाण्यापिण्याचं इन्स्टा पेज आहे. एका हॉटेलने फुकट थाळी खिलवली. पैसे घेतले नाहीत, म्हणजे जाहिरात नाही, असा माझा समज. मग जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या 'ॲस्की' या संस्थेचे २०२१ चे नियम वाचले. फुकट वस्तू, सवलत, भेट, सगळं त्यात धरलंय आणि पोस्टवर तसं ठळक लिहावं लागतं. लिहिलं, तर मालकांचा फोन: "ताई, ते तेवढं काढा ना." काढलं नाही. पुन्हा बोलावणं आलं नाही. सोलकढी मला खरंच आवडली होती हो. पण पदरचे पैसे मोजून प्यायले असते, तर आंबट म्हटलं असतं का, आता सांगता येत नाही.

कासारवडवलीहून
'काल साइट बघून आलो, ॲमेनिटीज अप्रतीम!' हा 'अनुभव' मला तीन ग्रुपवर तीन वेगळ्या माणसांकडून आला. तिन्हीकडे 'अप्रतीम' दीर्घच. बिल्डरच्या जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडसुद्धा. शेजाऱ्याच्या गप्पांवर कसला कोड? मी सरळ विचारलं, पाणी टँकरचं की पालिकेचं? उत्तर: 'पर्सनलवर या.'

खारघरहून
वरच्यांना +१. खोट काय ते विचारा. स्वतःचा माल विकणारा कुरकुरत का होईना, सांगतो.

नौपाड्यातून
सगळे कमिशनवाल्यांना धरताहेत, म्हणून घरचंच सांगते. मी गणिताच्या शिकवण्या घेते. आमच्या ह्यांनी ग्रुपवर टाकलं, 'नौपाड्यात एक फार चांगल्या बाई आहेत असं ऐकतो', खाली माझा नंबर. पैशाचा संबंध नाही, पण हे ऐकतात कुठून, स्वयंपाकघरातून? खूप भांडले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा रिप्लाय आला, "भावजी, ह्या तुमच्याच ना?"